सलूनमधल्या पिल्लाचा तोतया

स्वतःविषयी बोलायला मला आवडत नाही. पण दुसरं कुणीच माझ्याविषयी बोलत नाही, तेव्हा इलाज नाही. मी गुप्तहेर आहे. नजर घारीची, कान सशाचे, चाल मांजराची आणि स्मरणशक्ती हत्तीची. एवढी जनावरं एकाच माणसात राहायला आल्यावर माणसाला जागा कुठून उरणार, असं माझी बायको म्हणते. थोर लोकांच्या बायका असंच बोलतात.

माझी कचेरी म्हणजे मेव्हण्याच्या किल्ल्यांच्या दुकानावरचा पोटमाळा. तिथे ताठ उभं राहता येत नाही. म्हणून माझे निष्कर्षही जरा वाकडे निघतात, असं मेव्हण्याचं मत आहे. पाटी मी आतल्या बाजूला लावली आहे. गुप्तहेराने पाटी बाहेर लावली, तर गुप्त काय राहिलं? यामुळे गिऱ्हाईक कमी येतं हे खरं, पण जे येतं ते चुकूनच येतं, आणि चुकलेल्या माणसाला गुप्तहेराची गरज असतेच.

मेव्हणा माझा सहायक आहे. तो खाली किल्ल्या घासतो आणि मी हाक मारली की दुकानाला कुलूप लावून निघतो. निघताना एक उसासा टाकतो. उत्साहाचा असावा.

त्या दिवशी सकाळी तो खालून ओरडला, "भावोजी, खाली या. एक आजोबा आलेत. शिडी चढवत नाही म्हणतात."

मी मांजराच्या चालीने उतरलो. शेवटच्या पायरीवर मांजर घसरलं. उठून बघतो तर समोर एक किरकोळ अंगाचे आजोबा, स्वच्छ दाढी, पांढरा सदरा, डोळ्यांवर मोतीबिंदूची झाक.

"तुम्हीच का ते भिंग घेऊन हिंडता?"

"गुप्तहेर."

"तेच ते. माझं कुत्रं हरवलंय."

"कुठून हरवलं?"

"घरातच."

"म्हणजे घरातून बाहेर गेलं?"

"नाही हो. घरातच आहे."

"कुत्रं घरात आहे?"

"आहे."

"आणि हरवलंय?"

"हो."

मेव्हण्याने किल्ली घासायची थांबवली. मी मात्र शांत होतो. माझ्यासारख्याला असली प्रकरणं नवी नाहीत. माझंही बरंच काही घरातल्या घरात हरवलेलं असतं.

आजोबांनी सांगितलं ते असं. ते एकेकाळी कोपऱ्यावरचं सलून चालवायचे. आता मुलगा चालवतो. मुलाने बेकरीवाल्या काकूंकडून कुत्र्याचं पिल्लू आणलं होतं. रंग कॉफीचा आणि तोंडाभोवती पांढरं, जणू दाढीला फेस लावून कुणी उठून गेलंय. म्हणून त्याचं नाव फेस. फेस दिवसभर आजोबांच्या मांडीवर. मग एके दिवशी सुनेने त्याला कुत्र्यांच्या पार्लरमध्ये आंघोळीला पाठवलं. परत आलं ते पिल्लू तस्संच, तोच रंग, तेच तोंड.

"पण तो फेस नाही," आजोबा म्हणाले. "मला डोळ्यांनी अंधुक दिसतं, पण हातांनी लख्ख दिसतं. अख्खा जन्म लोकांची डोकी हातात घेतली आहेत मी. फेस माझा अंगठा चघळायचा. हे नुसती बोटं चाटतं आणि उठून जातं. फेस झोपला की घोरायचा. हे झोपतच नाही."

"घरचे काय म्हणतात?"

"म्हणतात, बाबांचं वय झालं. डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलंय. तोवर दुकानातल्या बाकावर बसायचं नाही, गिऱ्हाइकांसमोर असं काहीतरी बोलता म्हणतात." त्यांनी सदऱ्याची बाही नीट केली. "त्या बाकावर बसलो नाही, तर मी दिवसभर करू काय?"

मी उभा राहिलो. खाली उभं राहता येतं. "आजोबा, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

"भावोजी, तुमचा सगळ्यांवरच असतो," मेव्हणा पुटपुटला. "मागे तो केस उगवायचं तेल विकायला आला होता, त्याच्यावरही होता."

"मानधन म्हणून जन्मभर तुमचे केस फुकट कापू," आजोबा म्हणाले.

मला पूर्ण टक्कल आहे. पण तत्त्व महत्त्वाचं. मी प्रकरण हाती घेतलं.

सलून दोन्ही बाजूंनी आरशांचं. आत शिरलो तर समोर मी, मागे मी, मागच्या माझ्यामागे आणखी मी. एवढे गुप्तहेर एका ठिकाणी पाहून कुठलाही गुन्हेगार शरण आला असता. सलूनवाल्याने खुर्ची फिरवून पुढे केली, माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "दाढी?"

"तपास," मी म्हणालो.

तेवढ्यात त्याला माझ्यामागे आजोबा दिसले. "बाबा! तुम्ही आता बाहेरच्यांनाही सांगत सुटलात?"

"माणसाने तक्रार केलीय, ती ऐकून घ्यायला नको?" मी म्हणालो. "पुरावा कुठे आहे?"

पुरावा टॉवेलच्या ढिगावर बसून एक कंगवा खात होता. मी भिंग काढलं. पिल्लाने भिंग चाटलं. त्यामुळे पुढची तपासणी जरा धूसर झाली, पण माझा पहिला सिद्धान्त तिथेच तयार झाला.

"आजोबा, आधीपेक्षा लहान वाटतं का हे?"

"जरासं."

"मग उघड आहे. गरम पाण्यात धुतलं. आटलं. माझा लोकरीचा स्वेटर असाच आटला होता. बाहीत हातच जाईना."

सूनबाई गल्ल्यावर बसली होती. डोळ्यांत काळजी, पण जीभ धारदार. नवऱ्याला म्हणाली, "अहो, डॉक्टरकडे बाबांच्या आधी यांचा नंबर लावा."

मी पहिला सिद्धान्त मागे घेतला. थोर गुप्तहेर सिद्धान्त कपड्यांसारखे बदलतात. लगेच दुसरा घातला: हे पिल्लू तोतया आहे. कुणीतरी साध्या कॉफी रंगाच्या पिल्लाच्या तोंडाला पांढरा रंग फासून त्याला फेस म्हणून घरात घुसवलं आहे. रंग असेल तर निघणार. मी सलूनवाल्याचा ब्रश घेतला, साबण घोटला आणि पिल्लाच्या तोंडावर जोरात चोळला. फेसावर फेस चढला. कुत्रं कुठे संपतं आणि साबण कुठे सुरू होतो, हेच कळेना. पिल्लू शिंकलं. फेस आरशांवर उडाला, समोरच्याही आणि मागच्याही. शेवटी कोण कुणाला पुसत होतं कोण जाणे, पण तपासात तोंडाला फेस आला म्हणतात तो अगदी शब्दशः आला.

पांढरा रंग मात्र निघाला नाही.

"काका," सलूनवाला म्हणाला. राग गिळून बोलला ते दिसत होतं. "माझे वडील आहेत ते. मला हौस नाही त्यांना वेडं ठरवायची. पण कुत्रं समोर आहे, आणि ते म्हणतात नाही. मी काय समजायचं?"

मी गूढ हसलो आणि बाहेर पडलो.

पार्लरवाली एका मोठ्या, ओल्या, नाराज कुत्र्याला केस वाळवायच्या यंत्राने वारा घालत होती.

"त्या दिवशी ना?" ती म्हणाली. "चांगलं आठवतंय. अगदी एकसारखी दोन पिल्लं आली होती. एक सलूनमधलं, एक चष्म्याच्या दुकानातलं. दोन्ही बेकरीवाल्या काकूंच्या कुत्रीची. हुबेहूब! जुळीच म्हणा ना."

"मग अदलाबदल झाली नसेल कशावरून?" मेव्हणा मध्येच म्हणाला.

"मेव्हणे," मी म्हणालो, "दोन जाणकार बोलत असताना मध्ये बोलू नये."

"छे, मी कधी चुकत नाही," पार्लरवाली म्हणाली. "निळा टॉवेल सलूनच्या पिल्लाला, हिरवा चष्मेवाल्यांच्या. टॉवेल सुटला तरच घोटाळा."

"आणि त्या दिवशी सुटले का टॉवेल?"

"सुटले की. पिल्लंच ती, कुठे गप्प बसतात? पण मी परत गुंडाळले ना लगेच." तिने आम्हाला निरोप देताना मेव्हण्याच्या हातात माझी टोपी दिली आणि माझ्या हातात त्याची छत्री. माणसं मनाने चांगली असतात.

पण माझं लक्ष एकाच शब्दावर होतं. रस्त्यात मी मेव्हण्याचा दंड धरला. "जुळी! मेव्हणे, सगळं जुळतंय!"

"काय जुळतंय?"

"जुळंच जुळतंय!"

"भावोजी, टॉवेल सुटले, पिल्लं बदलली. सरळ आहे."

"सरळ आहे म्हणूनच संशयास्पद आहे," मी म्हणालो. "आणि माझी टोपी तुमच्या डोक्यावर का आहे?"

चष्मेवाल्याच्या दुकानात काउंटरवर चष्म्यांच्या रांगा आणि मधोमध एक पिल्लू. रंग कॉफीचा, तोंडाभोवती पांढरं. मी थक्क झालो. मी पिल्लाकडे पाहिलं, आरशात पाहिलं, पुन्हा पिल्लाकडे पाहिलं. सलूनमधलं तेच!

"ही आमची भिंगरी," चष्मेवाल्याची बायको कौतुकाने म्हणाली.

"टोपणनाव," मी मेव्हण्याच्या कानात कुजबुजलो. "गुन्हेगारी जगात असतंच."

"हे तुमचंच पिल्लू आहे याची खात्री आहे?" मी मोठ्याने विचारलं.

चष्मेवाला छाती काढून म्हणाला, "साहेब, अख्ख्या गावाला दृष्टी मी देतो. माझ्या नजरेतून काही सुटत नाही." पिल्लू त्याचा अंगठा चघळत होतं. "हल्लीच लागलीय ही खोड. आधी नव्हती. आणि झोपलं की घोरतं, काय सांगू! दुकानात गिऱ्हाईक मलाच डुलक्या लागल्या समजतात."

मेव्हण्याने माझ्या बरगडीत कोपर मारलं. "अंगठा, भावोजी. घोरणं."

"जुळ्यांच्या खोडी सारख्याच असणार, मेव्हणे. विज्ञान वाचत जा."

आता प्रश्न राहिला विज्ञानाचा. कुत्र्यांत हुबेहूब जुळी होतात का? माणसांत होतात हे ठाऊक होतं. आमच्या शेजारी जुळे भाऊ राहतात आणि त्यांतला एक माझी शिडी घेऊन गेला आहे, कोणता ते कळत नाही. पण कुत्र्यांत? आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर एका बोक्याच्या कानात औषध घालत होते. बोका हे विसरणार नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

"होऊ शकतात," डॉक्टर म्हणाले. "पण फार क्वचित. एरवी एकाच वेतातली पिल्लं म्हणजे एकाच वेळी जन्मलेली वेगवेगळी भावंडं. प्रत्येकाचं बीज वेगळं, प्रत्येकाची वार वेगळी."

"वार म्हणजे?"

"पोटात पिल्लाला जिच्यातून पोषण मिळतं ती. पिल्लामागून बाहेर पडते. एकाच बीजाची दोन पिल्लं झाली, तर कधी कधी दोघांत मिळून एकच वार असते. ते बाळंतपणात कुणी पाहिलं, आणि नंतर रक्त तपासून जुळलं, तरच खात्रीने जुळी म्हणायचं. नुसती तोंडं सारखी असून काही ठरत नाही. एका आईची पिल्लं सारखी दिसणारच. आणलीत का दोघांना? पाहतो."

"पुरावा जागेवरून हलवायचा नसतो, डॉक्टर."

"अहो, नुसतं एकदा उचलून पाहिलं तरी..."

पण मी पायऱ्या उतरत होतो. मला हवं ते मिळालं होतं. एक वार की दोन, एवढंच शोधायचं होतं.

बेकरीवाल्या काकू पावांच्या लादीवर लोणी फिरवत होत्या. भट्टीच्या उबेला त्यांची कुत्री पाय ताणून झोपली होती, सगळी मुलं मार्गी लावलेल्या आईसारखी.

"काकू, नीट आठवून सांगा," मी म्हणालो. "पिल्लं झाली तेव्हा वार किती?"

"आठवड्याला असतात तेवढेच की."

"तसं नव्हे. सलूनमधल्या पिल्लाची आणि चष्मेवाल्यांच्या पिल्लाची वार एकच होती का?"

"एकच! वेगळा कसा असेल? सकाळी सुरू झालं, दुपारच्या पावांच्या आत सगळं आटोपलं. गुरुवार होता."

मी विजयाने मेव्हण्याकडे वळलो. "एकच वार! ऐकलंत?"

"भावोजी, त्या दिवसाबद्दल बोलताहेत."

"दिवस गेल्याशिवाय पिल्लं झाली का, मेव्हणे?"

मेव्हणा एका पोत्यावर बसला आणि थोडा वेळ दोन्ही हातांत डोकं धरून राहिला. काकूंनी त्याला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरली तेव्हा, मी सलूनमध्ये ओळखपरेड बोलावली. चष्मेवाला आणि त्याची बायको भिंगरीला घेऊन आले. आजोबा दारात उभे होते, कारण बाकावर बसायचं नव्हतं. सूनबाई गल्ल्यावर. योगायोगाने जनावरांचे डॉक्टर तिसऱ्या खुर्चीत दाढीला बसले होते. त्यांच्या चेहऱ्याला साबण लावून झाला आणि मी गर्जना केली, "आता कुणी हलायचं नाही!" सलूनवाल्याचा वस्तरा हवेतच थांबला. डॉक्टर साबणासकट तसेच राहिले.

डावीकडच्या खुर्चीत घरचं पिल्लू, उजवीकडच्या खुर्चीत चष्मेवाल्याचं. दोघांच्या गळ्यांत मी गिऱ्हाइकासारखे टॉवेल बांधले. समोर आरसा, मागे आरसा. कॉफी रंगाच्या पिल्लांची न संपणारी रांगच दाढी करून घ्यायला आल्यासारखी दिसत होती.

"सज्जनहो," मी सुरुवात केली, "आजवर कुणी उकलू शकलं नाही असं हे कोडं..."

"आजवर म्हणजे, कालच सुरू झालं ना?" चष्मेवाला म्हणाला.

"...मी उकललं आहे. ही दोन पिल्लं म्हणजे एकाच बीजाची, एकाच वारेची, हुबेहूब जुळी आहेत!"

तिसऱ्या खुर्चीतून साबणातून "फुर्र" असा आवाज आला. कौतुकाचा असावा.

"पार्लरमध्ये यांची अदलाबदल झाली असेल. किंवा नसेल. पण ते कुणालाही कधीही कळणार नाही! दिसणं एक, खोडी एक. रक्त तपासलं तरी तेही एकच निघणार. हे इथलं की तिथलं, हे साक्षात ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. प्रकरण संपलं."

टाळ्यांसाठी मी थांबलो. कुठेतरी नळ ठिबकत होता.

"म्हणजे बाबांचं खरं, की खोटं?" सलूनवाल्याने विचारलं.

"शास्त्रीय दृष्ट्या," मी म्हणालो, "दोन्ही."

आजोबांचा चेहरा उतरला. खरं सांगतो, तो चेहरा पाहून मला माझं शास्त्र अजिबात आवडलं नाही. ते दारातून हळूहळू आत आले. "मला दोन्ही नको," म्हणाले. "मला माझा हवाय."

त्यांनी डाव्या पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवला. कानांमागून फिरवला, हनुवटीखाली धरला. पिल्लाने बोटं चाटली आणि तोंड वळवलं. आजोबांनी मान हलवली. मग उजव्या खुर्चीकडे गेले. हात पुढे केला मात्र, पिल्लाने अंगठा तोंडात धरला, डोळे मिटले आणि चघळू लागलं.

"हा," आजोबा म्हणाले. "हा माझा फेस."

सलूनवाला हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, ते त्यांचं आहे हो. ते आत्ता घेऊन आले ना?"

"आमचीच आहे," चष्मेवाला म्हणाला. पण तोही हळूच म्हणाला.

आता परिस्थिती हाताबाहेर जाऊ नये म्हणून मी म्हटलं, सर्व कोनांतून निरीक्षण करू. आणि दोन्ही खुर्च्यांना एकदम गिरकी दिली. त्या खुर्च्या तेलपाणी केलेल्या होत्या, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पिल्लं फिरली, आरशांतली सगळी पिल्लं फिरली, मीही थोडा फिरलो. खुर्च्या थांबल्या तेव्हा डाव्या पिल्लाने भोवंडून जाऊन माझ्या बुटावर उडी घेतली आणि जे करायचं ते तिथेच केलं.

"अगं बाई!" सूनबाई फडकं घेऊन धावली. तिने पिल्लाला बगलांखाली धरून वर उचललं, पुसायला म्हणून पालथं केलं, उताणं केलं, आणि थांबली.

"अहो."

"काय झालं?" सलूनवाला म्हणाला.

"काकूंनी आपल्याला देताना काय सांगितलं होतं? मुलगा ना?"

"मुलगाच. म्हणून तर फेस."

"मग ही कोण?"

सलूनवाल्याने वाकून पाहिलं. मेव्हण्याने पाहिलं. मी भिंगातून पाहिलं, भिंग अजून धूसर होतं, पण तेवढं दिसलं.

सूनबाई पिल्लाकडे पाहत सावकाश म्हणाली, "हा तो नाही. ही ती आहे."

सगळ्यांच्या माना उजव्या खुर्चीकडे वळल्या. चष्मेवाल्याच्या बायकोने आजोबांचा अंगठा सोडवून आपलं पिल्लू उचललं, उताणं केलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अहो, आपली भिंगरी..."

"हा भिंगरा आहे," चष्मेवाला म्हणाला.

"रोज मांडीवर घेऊन बसता ना तुम्ही? अख्ख्या गावाला दृष्टी देता ना?"

"मला वाटलं, बेंबी असेल," चष्मेवाला म्हणाला. "आणि तू? तू तर आंघोळ घालतेस!"

"मी पाठ चोळते!"

तेवढ्यात तिसऱ्या खुर्चीतले डॉक्टर टॉवेलने तोंड पुसून उठले. अर्ध्या चेहऱ्यावर साबण तसाच होता. "मी तेच सांगत होतो! एकाच बीजाची जुळी असतील, तर दोन्ही नर असतात, नाहीतर दोन्ही मादी. एक नर आणि एक मादी असेल, तर मग नुसती भावंडं. यात रक्त बघायला नको, वार शोधायला नको. उचलून पाहिलं की झालं."

"मग आधी का नाही बोललात?" मी म्हणालो.

"तुम्ही पायऱ्या उतरत होतात."

मी ताबडतोब खुलासा केला. दोष माझा नव्हता. दोष व्याकरणाचा होता. मुलगा म्हणजे तो, मुलगी म्हणजे ती, आणि पिल्लू म्हणजे ते! सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळे "ते पिल्लू, ते पिल्लू" करत होते. ज्या भाषेत पिल्लाचं लिंगच नपुंसक, तिथे गुप्तहेराने करावं तरी काय? माझा हा मुद्दा बिनतोड होता, पण ऐकायला कुणी शिल्लक नव्हतं. सगळे दुसरीकडे पाहत होते.

सलूनवाल्याने वस्तरा ठेवला होता. तो वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. रोज दहा जणांशी हवापाण्यापासून राजकारणापर्यंत बोलणारा माणूस, पण शब्द फुटेना. शेवटी सूनबाईच पुढे झाली. हातात अजून ओलं फडकं होतं.

"बाबा, तुम्ही पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतात. आम्ही एकदा नीट पाहिलंसुद्धा नाही. चुकलं आमचं."

"पाहिलंत की," आजोबा म्हणाले. "माझ्याकडे पाहत होतात. पिल्लाकडे पाहायला हवं होतं."

त्यात राग नव्हता. पण सलूनवाल्याने मान खाली घातली. मग त्याने गुपचूप बाकावरची वर्तमानपत्रं उचलली, फुंकर मारून केस उडवले आणि वडिलांचा हात धरून त्यांना तिथे बसवलं. चष्मेवाल्याच्या बायकोने फेसला त्यांच्या मांडीवर ठेवलं. फेसने अंगठा धरला आणि थोड्याच वेळात घोरू लागला. लहानशा जिवाचं एवढं घोरणं मी पहिल्यांदाच ऐकलं. भिंगरी चष्मेवाल्याच्या खांद्यावर चढून त्याच्या चष्म्याची काडी खात होती आणि तो म्हणत होता, "आता कसं, आता माझ्या लक्षात येतंय, ही काडी खायची खोड भिंगरीचीच."

डॉक्टर म्हणाले, "माझी अर्धी दाढी राहिलीय." तेव्हा कुठे कामाला सुरुवात झाली.

मी एका बाजूला उभा होतो. खोटं कशाला बोलू, मला थोडं वाईट वाटत होतं. कुत्र्यांतली हुबेहूब जुळी शोधून काढणारा म्हणून माझं नाव झालं असतं. शास्त्राचं नुकसान झालं, ते झालंच. शिवाय बूट ओला होता. निघावं म्हणून मी आजोबांना नमस्कार केला.

"थांबा," आजोबा म्हणाले. "एक सांगू का? तुम्ही काही शोधून काढलं नाहीत."

"तसं म्हटलं तर..."

"कसंही म्हटलं तरी. कुत्रं आटलं काय म्हणालात, साबण काय लावलात." ते हसले. मग हसायचे थांबले. "पण मी सांगितलं, कुत्रं घरात आहे आणि हरवलंय, तेव्हा तुम्ही माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं नाहीत. लगेच तपासाला लागलात. तेवढं इथे कुणी केलं नव्हतं."

अशा प्रसंगी बोलायला माझ्याकडे एक उत्तम वाक्य तयार असतं. ते आलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते, समोरच्या आरशातले आणि मागच्या आरशातलेही. तेव्हा मी मान ताठ केली, टोपी घातली, रुबाबात वळलो, दार उघडलं, बाहेर पाऊल टाकलं आणि दार मागे लावून घेतलं.

ते टॉवेलांचं कपाट होतं.

आत अंधार होता आणि पावडरचा वास. लगेच बाहेर आलो असतो, तर चुकून आत शिरलो असं कुणालाही वाटलं असतं. म्हणून मी तिथेच थांबलो. बाहेर कुणीतरी खोकलं, कुणीतरी तोंडावर हात दाबल्यासारखा आवाज केला. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली.

"भावोजी," मेव्हण्याचा आवाज आला, अगदी अदबीचा. "आत काही सापडलं का?"

"बाहेर थांबा, मेव्हणे," मी आतून म्हणालो. "तपास चालू आहे."